एमएचए की सिस्टिम्स इंजिनिअरिंग? आधी कोड बघ

तू विचारलंस, की मेकॅनिकल बीई आणि पुण्यातल्या हॉस्पिटलात क्वालिटीची दोन वर्षं एवढ्यावर अमेरिकेत एमएचए (हॉस्पिटल प्रशासनाची मास्टर्स पदवी) करावं की हेल्थकेअर सिस्टिम्स इंजिनिअरिंग (हॉस्पिटलच्या कामाची घडी इंजिनिअरिंगच्या पद्धतींनी सुधारण्याचं शास्त्र). मी दुसरा पर्याय घ्यायला सांगेन. एक कारण अगदी रोकडं आहे. अमेरिकेत प्रत्येक अभ्यासक्रमाला एक सरकारी कोड असतो. नेहमीचं एमएचए ५१.०७०१ या कोडखाली येतं, त्यात शिक्षणानंतर कामाला १२ महिनेच मिळतात. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचा १४.३५०१ हा कोड स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित या विषयांच्या यादीत) बसतो, म्हणजे आणखी २४ महिने. पदवीच्या नावावर जाऊ नकोस. आय-ट्वेंटीवर (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या फॉर्मवर) कुठला कोड येणार, हे अर्ज करण्याआधीच विभागाला मेल टाकून विचार.

दुसरं, अभ्यासक्रमात हॉस्पिटलच्या आत पाय ठेवायला मिळतो का ते बघ. ॲन आर्बरला मिशिगन विद्यापीठाचे विद्यार्थी विद्यापीठाच्याच हॉस्पिटलात प्रकल्प करतात. लीहाय विद्यापीठात या विषयाची वेगळी एम.इंज. (इंजिनिअरिंगची मास्टर्स पदवी) आहे. रँकिंगपेक्षा मी हे आधी बघेन.

गणिताची धास्ती नको. लिटलचा नियम (येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ म्हणजे आत असलेली माणसं) हाडात मुरला तरी अर्धं काम होतं: इमर्जन्सीत तासाला ६ पेशंट येतात आणि प्रत्येक जण ४ तास थांबतो, तर आत सरासरी २४ जण असणार. थांबणं ३ तासांवर आणलंस की १८. भिंत न पाडता ६ खाटा सुटल्या! एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) मात्र भारतातूनच शिकून ये.

हे सगळं कागदावर. माझा पहिला प्रकल्प डिस्चार्जचा होता. डॉक्टर सकाळी दहाला सही करायचे आणि पेशंट दुपारी चारला निघायचा. मी स्टॉपवॉच घेऊन आठवडाभर कॉरिडॉरमध्ये उभा राहिलो, फार्मसी आणि व्हीलचेअरच्या वेळा टिपल्या, छान सिम्युलेशन केलं. वॉर्डच्या चार्ज नर्सनं (पाळीच्या प्रमुख नर्सनं) दोन मिनिटं ते पाहिलं आणि विचारलं, "न्यायला येणारी मुलगी साडेतीनला कामावरून सुटते. ती यात कुठे आहे?" नव्हतीच. तू वॉर्डात नातेवाइकांच्या शिव्या खाल्ल्या आहेस ना, तुला ती पहिल्याच दिवशी दिसली असती. एसओपीत (अर्जासोबतच्या निबंधात) हेच लिही, 'आरोग्यसेवेची आवड' वगैरे नको.

व्हिसाचं थोडक्यात: विद्यापीठांशी संलग्न ना-नफा हॉस्पिटलं एच-वन-बीच्या (नोकरीच्या व्हिसाच्या) लॉटरीतून वगळलेली आहेत, म्हणून नोकरी तिथे आधी शोध. सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेलं एच-वन-बीचं १ लाख डॉलरचं शुल्क कोणाला लागू होतं, ते त्या वेळी वकिलाकडूनच समजून घे.

आणि हो, लसीकरणाची कागदपत्रं आत्ताच गोळा कर. वॉर्डात शिरण्याआधी टीबीची चाचणी मागतात. लहानपणच्या बीसीजीमुळे माझा हात टम्म फुगला, मग एक्स-रे, मग परवानगी, आणि यात तीन आठवडे गेले. कातडीवरची चाचणी नको, रक्ताची करा, असं पहिल्याच दिवशी सांग.