नवं कासव काहीच खात नाही

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. मुलाच्या वाढदिवसाला हर्मन जातीचं छोटं कासव आणलं, सगळ्या कागदपत्रांसकट. त्याचं नाव बंडू. जुन्या फिशटँकमध्ये वाळू पसरून ठेवलंय, वर टेबललॅम्प आहे. बंडू दिवसभर काचेवर पाय घासतो, नाहीतर डोकं आत घेऊन कोपऱ्यात पडून राहतो. काकडी, टोमॅटो, पालक, कशालाच तोंड लावत नाही. मुलगा सारखा उचलून गोंजारतो. आई सांगलीहून फोनवर म्हणते, ‘रुळेल हळूहळू.’ आता ऑक्टोबर लागलाय. ही त्याची हिवाळी झोप तर नसेल?

उत्तर : आईंचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. नव्या जागी आलेलं कासव सुरुवातीला गप्प असतं, कमी खातं. पण रुळायला त्याला आधी ऊब लागते, आणि तुमच्या पत्रावरून ती बंडूला मिळत नाहीये असं दिसतं. कासवाचं शरीर स्वतःची उष्णता तयार करत नाही. अंग तापल्याशिवाय त्याचं आतडं चालत नाही, भूकही लागत नाही. इथल्या पशुवैद्यकीय कामात ‘खात नाही’ म्हणून आलेल्या कासवाच्या घरच्यांना मी सगळ्यात आधी एकच विचारते : दिव्याखाली तापमान किती? बहुतेकांनी ते मोजलेलंच नसतं.

म्हणून आज थर्मामीटर आणा. दिव्याखालच्या जागेवर ३२ ते ३५ अंश सेल्सियस हवं आणि दुसऱ्या टोकाला साधारण २० ते २२, म्हणजे हवं तेव्हा तापायला आणि हवं तेव्हा गार व्हायला बंडूला स्वतः चालत जाता येईल. फिशटँकमध्ये हा फरक राखणं अवघड, हवाही कोंडते. शिवाय काच म्हणजे अडथळा आहे हे कासवाला कळत नाही. पलीकडचं दिसतं, जाता मात्र येत नाही, म्हणून ते तिथेच पाय घासत राहतं. त्याऐवजी लाकडाची, वरून उघडी, लांबरुंद पेटी करा. इकडे तिला टॉर्टॉइज टेबल म्हणतात. जुन्या पुस्तकांच्या कपाटाला आडवं पाडून छान होते. कडा उंच ठेवा आणि कोपऱ्यांत चढायला आधार मिळेल असं काही ठेवू नका. दिव्याखाली कासव उलटं पडलं आणि सरळ होता आलं नाही, तर ते जिवावर बेतू शकतं.

टेबललॅम्पने उजेड पडतो, पण हाडांना लागणारे, उन्हात असतात तसे यूव्हीबी (अतिनील) किरण त्यातून मिळत नाहीत. हे किरण अंगावर पडले की कासवाच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याच्या आधारे कॅल्शियम हाडांत, कवचात मुरतं. ते न मिळालेल्या पिल्लांचं बोटाने दबणारं मऊ कवच मी पाहिलंय, आणि म्हणून या एका खर्चात काटकसर करू नका असं कळकळीने सांगते. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची यूव्हीबी ट्यूब घ्या, दिवसा बारा तास चालू ठेवा, मध्ये काच किंवा प्लास्टिक येऊ देऊ नका. ट्यूबवर लिहिलेलं अंतर पाळा. उजेड देत असली तरी साधारण वर्षाने ती बदलावी लागते, कारण किरण आधी संपतात.

नुसती वाळू काढून टाका, ती पोटात जाऊन अडकते. खत न घातलेली बागेची माती आणि थोडी वाळू एकत्र करून चांगला जाड थर द्या, बंडूला उकरून आत शिरता आलं पाहिजे. एका टोकाला उलटी कुंडी ठेवा आणि तिच्याखालची माती ओलसर राखा. फार कोरड्यात वाढलेल्या पिल्लांच्या कवचावर उंचवटे येतात.

काकडी, टोमॅटो, पालक बंद. हर्मन कासव भूमध्य समुद्राकाठच्या रानातलं, चिवट रानपाल्यावर जगणारं. तुमच्या हिरवळीतल्या डँडेलायन या पिवळ्या फुलांच्या तणाची पानं हे त्याचं उत्तम जेवण, फक्त तिथे तणनाशक मारलेलं नसावं. पानांवर चिमूटभर कॅल्शियम पावडर घाला, जवळ समुद्रफेसाचा (कटलफिशच्या पांढऱ्या हाडाचा) तुकडा ठेवा. आणि पिल्लाला रोज दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात बसवा, पाणी हनुवटीच्या खालीच असू द्या. प्रवासाने सुकलेली कासवं बऱ्याचदा या अंघोळीतच पहिल्यांदा पाणी पितात.

आता मुलाचं. जमिनीवरून उचललं जाणं म्हणजे कासवाच्या लेखी शिकाऱ्याने धरणं. अंघोळ आणि वजन सोडून तूर्त हात लावायचा नाही असं त्याला समजावा, पण हिरमुसू देऊ नका. पानं खुडून आणणं, थर्मामीटर वाचणं, आठवड्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून वहीत लिहिणं, ही कामं त्याची. नंतर साबणाने हात धुवायचेच, कासवांकडून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू पसरतो. ‘एकटा कंटाळेल’ म्हणून दुसरं कासव मात्र आणू नका, त्यांना सोबत लागत नाही, जोडीत मारामारीच होते.

हिवाळी झोप या वर्षी नको. न खाणाऱ्या, नुकत्याच आलेल्या कासवाला झोपवणं धोक्याचं, तेव्हा दिवे चालू ठेवा. तापमान नीट करूनही आठवडाभर काही खाल्लं नाही, नाकातून फुगे आले, डोळे सुजले किंवा तोंड उघडून श्वास घेऊ लागला, तर सरपटणारे प्राणी पाहणाऱ्या डॉक्टरकडे लगेच न्या. वजनाची वही सोबत घ्या.

प्रश्न : चुलत दिरांनी वास्तुशांतीला पाठीवर चांदण्या असलेलं कासव दिलंय. कसं सांभाळावं? (नाशिक)

उत्तर : ते स्टार कासव आहे आणि ते घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. घरात लक्ष्मी येते या समजुतीपायी ही कासवं रानातून पकडून पिशव्यांत, सुटकेसमध्ये कोंबून नेली जातात, कितीतरी वाटेतच मरतात. २०१९पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. दिरांना वाईट वाटेल, तरी हे त्यांना सांगा. कासव स्वतः रानात सोडू नका. ते कुठल्या प्रदेशातलं आहे माहीत नाही, आणि त्याचा आजार तिथल्या प्राण्यांत पसरू शकतो. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर आजच फोन करा. माणसं येईपर्यंत त्याला भोकं पाडलेल्या कोरड्या खोक्यात, शांत खोलीत ठेवा.