लिक्विड अमायलेज फ्रीझ ड्राय करून ठेवलं तर सोलापूरच्या उन्हाळ्यात टिकेल का?

टिकेल, पण ड्रमच्या ड्रम वाळवायचा विचार असेल तर सोडून द्या, चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला होईल. तुमचं म्हणणं असं की टॉवेलची खळ काढायला आणलेलं अमायलेज (खळीतला स्टार्च तोडणारं एन्झाइम, म्हणजे एक प्रोटीनच) मे महिन्यात दम सोडतं, मग त्याची पावडर करून वर्षभर ठेवता येईल का, आणि घरचा डीप फ्रीझर चालेल का. मी इथंच एमआयडीसीत एका प्रोसेस हाऊसच्या लॅबमध्ये आहे, हा प्रश्न दर उन्हाळ्यात कानावर येतोच.

फ्रीझर नाही चालणार. तो नुसता गोठवतो, फ्रीझ ड्राय म्हणजे गोठवलेल्या मालातला बर्फ उडवून तो कोरडा करणं. बर्फ न वितळता त्याची थेट वाफ व्हायची तर प्रेशर ६.१ मिलीबारच्या खाली हवं, मशीनवाले प्रत्यक्षात ०.१-०.२ च्या आसपास चालवतात, वर ती वाफ पकडायला उणे ५० किंवा त्याहून थंड कंडेन्सर लागतो. एक बॅच निघायला दोन-तीन दिवस सहज जातात, वीज बिलाचं तुम्हीच बघा.

आणि खरी गोम मशीनमध्ये नाहीच, आत काय घालून गोठवता त्यात आहे. नुसतं एन्झाइम गोठवलं की पाण्याचा बर्फ होत जातो आणि उरलेल्या थोड्या पाण्यात मीठ, बफर (पीएच स्थिर ठेवायला घातलेले क्षार) सगळं घट्ट होत जातं, सोडियम फॉस्फेट बफर असेल तर त्यातलं एक मीठ आधी खाली बसतं अन् पीएच ७ वरनं ४ च्या आसपास घसरू शकतो, म्हणजे वाळायच्या आधीच निम्मं काम तमाम. म्हणून ट्रेहॅलोज नाहीतर साधी साखर (सुक्रोज) घालतात, ती काचेसारखी घट्ट होऊन प्रोटीनला जागेवर धरून ठेवते. ग्लुकोज मात्र घालू नका, ते साठवणीत प्रोटीनलाच चिकटतं आणि पावडर तपकिरी पडते. सुक्रोज असेल तर बर्फ उडून जाईपर्यंत माल साधारण उणे ३२ च्या खाली ठेवावा लागतो, घाई करून शेल्फ तापवलं की व्हायलमधली (काचेच्या छोट्या बाटलीतली) पांढरी भुसभुशीत वडी खाली बसते आणि तळाला चिकट पापुद्रा उरतो. शेवटी ओलावा १ ते ३ टक्क्यांवर आणायचा.

तुमच्या ड्रममधल्या मालात तर बहुतेक ग्लिसरॉल किंवा सॉर्बिटॉल असणार, ते टिकण्यासाठीच घातलेलं असतं. पण ग्लिसरॉल काही वाळत नाही, त्यामुळे तो माल थेट मशीनला लावून उपयोग नाही, आधी डायलिसिस करून (बारीक छिद्रांच्या पडद्यातनं बाहेर जाऊ देऊन) ते काढावं लागतं. कंपन्या स्वतःसुद्धा टनावारी माल लिक्विड तरी विकतात नाहीतर स्प्रे ड्राय करून (गरम हवेत फवारून वाळवून) दाणेदार, फ्रीझ ड्राय करतात ते मिलिग्रॅमवर विकलं जाणारं, रोगनिदानाच्या किटमधलं वगैरे. दाणेदार करण्यामागं आणखी एक कारण आहे, एन्झाइमची बारीक धूळ नाकात गेली की ॲलर्जी, दमा होऊ शकतो, तेव्हा शेडमध्ये पावडर उधळायचं खूळ मुळीच नको.

मग करायचं काय? पत्र्याखाली ४२-४३ डिग्रीत ड्रम ठेवू नका, मार्च ते जूनसाठी लागेल तेवढाच माल मागवा, आणि लॅबसाठी फ्रीझ ड्राय अमायलेजच्या छोट्या व्हायल विकत घेऊन फ्रिजमध्ये ठेवा. त्या वापरायच्या मापाला. तेच स्टार्च, तेच तापमान, तोच पीएच, एका नळीत व्हायलमधलं अन् दुसरीत ड्रममधलं घ्या, दर मिनिटाला थेंब काढून आयोडीनवर टाका आणि निळा रंग जायला कुणाला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. ड्रम नवा आला तेव्हा दोन्हींत जेवढा फरक होता त्यापेक्षा आता ड्रम मागं पडला असेल तर डोस त्या हिशोबानं वाढवा, कापडावर आयोडीन टाकल्यावर निळे डाग दिसायची वाट कशाला बघायची. फक्त व्हायल फ्रिजमधनं काढली की अर्धा तास तशीच बंद राहू द्या, गार असताना उघडली की पावसाळ्यात लगेच आत दव धरतं आणि इतकं कोरडं केलेलं पुन्हा ओलं होतं.