सन कोरलेली ओकची खुर्ची

प्रश्न : इंग्लंडमध्ये लिलावात ओकची कोरीव हातखुर्ची पाहिली. पाठीवर १६६२ कोरलंय. खरी असेल का?

उत्तर : आकड्यावर जाऊ नका. साध्या जुन्या पाठीवर नवं नक्षीकाम आणि सोयीचं साल कोरून विकणं व्हिक्टोरियन काळात सर्रास चाले. लंडनची वॉर्डर स्ट्रीट त्यासाठी बदनामच होती.

आधी खुर्ची उलटी करा. न दिसणाऱ्या बाजूला फाडलेल्या लाकडाचा खडबडीतपणा किंवा हातकरवतीचे सरळ ओरखडे हवेत. कमानीसारखे ओरखडे म्हणजे गोल करवत, अर्थात एकोणिसावं शतक. मग कातीव (लेथवर फिरवून घडवलेल्या) पुढच्या पायाचा व्यास कॅलिपरने दोन दिशांनी मोजा. ओक गाभ्याकडून सालीकडे आकसतो त्यापेक्षा वर्षवलयांच्या दिशेने जास्त आकसतो, त्यामुळे तीनशे वर्षांचा पाय किंचित लंबगोल होतो, एकदोन मिलिमीटर फरक पडतो. सांध्यांतल्या खुंट्या हाताने तासलेल्या, ओबडधोबड आणि जराशा वर आलेल्या असतात. गुळगुळीत, यंत्रावरच्या खुंट्या दिसल्या तर निदान तो सांधा नंतरचा.

सगळ्यात बोलकी खूण किडीची. कीड बाहेर पडताना साधारण दोन मिलिमीटरचं गोल भोक पाडते. तिचे बोगदे लाकडाच्या आत असतात. नक्षीच्या खोलगट भागात उघडे, लांबट चर दिसले, तर पोखरलेल्या लाकडावर नंतर पटाशी चालली आहे.

पुढची आडवी पट्टी वरून झिजलेली हवी, कारण टाचा तिथेच टेकतात. पायांना खाली नव्या लाकडाचे तुकडे जोडलेले असले तर बिचकू नका. ओलसर फरशीवर ते कुजायचेच. बोली मात्र कमी लावा.