दहा नंबरच्या पोराला मागे खेळवलं म्हणून क्लब सोडू नका (पिर्लोच्या गावाजवळून)

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि नंतर बराच वेळ झोप लागली नाही. इटलीत बेर्गामोजवळ राहता, मुलगा चौदाचा, लहानपणापासून फुटबॉलमध्ये दहा नंबर (स्ट्रायकरच्या मागे राहून गोल घडवणारा) खेळत आला. सप्टेंबरात नवीन कोच आला आणि त्याने मुलाला बचावफळीच्या पुढ्यात नेऊन उभं केलं. पोरगं घरी येऊन रडतं. त्यात आता एका मोठ्या नावाच्या क्लबातून फोन आलाय, आमच्याकडे या, दहा नंबरच देतो. यजमान म्हणतात लगेच हलवू, तुमचं मन होत नाही.

तुमचं मन बरोबर सांगतंय. २०१६ साली आमच्या घरात शब्द न् शब्द हेच चाललं होतं आणि मी नेमका चुकीचा निर्णय घेतला.

मेडिकल, कोडिचे फिस्काले (इथला कर क्रमांक), रहिवासाचा दाखला वगैरेत शिरत नाही, मुलगा खेळतोय म्हणजे ते तुम्ही केलेलंच आहे. आधीच सांगतो, मी वकील नाही आणि कोचही नाही. आमच्या बाबतीत जे घडलं ते आणि इतक्या वर्षांत इथल्या मैदानांच्या कडेला उभं राहून जे समजलं ते लिहितोय.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पाटाकडील विरुद्ध प्रॅक्टिस या तिथल्या संघांचे सामने बघत मोठा झालो. आमच्या पेठेत गोल मारणारा पोरगा म्हणजे हिरो. ज्याला मागे टाकलं, त्याच्याबद्दल मोठी माणसं म्हणायची, "याच्यात दम नाही वाटतं." हे डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की ब्रेशाजवळच्या आमच्या छोट्या क्लबातल्या मिस्टरने (इथे कोचला मिस्टर म्हणतात, हे तुम्हाला माहीत असेलच) माझ्या मुलाला रेजिस्ता (बचावफळीच्या पुढून खेळ चालवणारा) म्हणून मागे घेतलं, तेव्हा मला तो अपमान वाटला. मुलाला तेवढा वाटला नव्हता. मला वाटला. त्या मिस्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "याला पुढे काय होणार ते आधी दिसतं, म्हणून मागे घेतोय." मी मान हलवली आणि महिनाभरात मुलाला तिथून काढलं.

आणि हे कुठे, तर ब्रेशात! फ्लेरो आमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर आहे. इटलीचा गाजलेला मिडफिल्डर आंद्रेआ पिर्लोचं गाव. तुमच्या पोस्टखाली दोघातिघांनी त्याचं नाव घेतलंय, पण "तोही मागेच खेळायचा" एवढ्यावर सोडून दिलंय. त्याला मागे का आणलं आणि त्याआधी त्याची काय अवस्था झाली होती, ते कुणी लिहिलं नाही. तुमच्या कामाचं तेच आहे.

पिर्लोचा जन्म १९ मे १९७९ चा. २१ मे १९९५ ला, म्हणजे सोळा पूर्ण होऊन दोन दिवस झाले असताना, तो ब्रेशा क्लबाकडून सेरी आमध्ये, म्हणजे इटलीच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, पहिल्यांदा उतरला. तेव्हा तो त्रेक्वार्तिस्ता होता, स्ट्रायकरच्या मागे खेळणारा, तुमच्या मुलासारखा अस्सल दहा नंबर. १९९८ मध्ये मिलान शहरातल्या इंटर क्लबाने त्याला नेलं. पोरगं मिलानला, मोठ्या क्लबात गेलं म्हटल्यावर घरच्यांना किती आनंद झाला असेल बघा. त्या एका हंगामात इंटरने चार कोच बदलले: सिमोनी, लुचेस्कू, कास्तेल्लिनी, हॉजसन. संघ आठवा आला. पिर्लोला जी जागा हवी होती तिथे रोबेर्तो बाज्जो आणि जोरकाएफ हे नावाजलेले खेळाडू आधीच होते. एकोणीस वर्षांच्या पोराने उभं राहायचं कुठे? इंटरकडून तो लीगचे सगळे मिळून २२ सामने खेळला.

मधलं एक वर्ष, १९९९-२०००, तो लोनवर (म्हणजे उसना) रेज्जिना क्लबाला गेला. इटलीच्या बुटाच्या अगदी टोकाला, रेज्जो कालाब्रियात. तो क्लब त्या वर्षी पहिल्यांदाच सेरी आमध्ये आला होता. तिथे २८ सामने, ६ गोल. त्याच उन्हाळ्यात एकवीस वर्षांखालच्या युरो स्पर्धेत तो इटलीचा कप्तान होता. फायनलमध्ये चेक संघाविरुद्ध इटलीचे दोन्ही गोल त्याचे, आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. एवढं करून इंटरला परतला तर पुन्हा बेंच. सहा महिन्यांत लीगचे चार सामने.

हे मी मुद्दाम इतकं लांबण लावून सांगतोय. युरोपात त्याच्या वयोगटातला सगळ्यात चांगला पोरगा मोठ्या क्लबात बेंचवर बसून होता. आपल्या पोरांची तर गोष्टच सोडा.

जानेवारी २००१ मध्ये तो लोनवर ब्रेशाला, म्हणजे घरी परतला. कोच होते कार्लो मात्सोने, साठी ओलांडलेला जुना रोमन माणूस. आणि ब्रेशात तेव्हा दहा नंबर कोण? बाज्जोच. बाज्जोला हलवण्याचा प्रश्नच नव्हता. मग मात्सोनेंनी पिर्लोला मागे घेतलं, बचावफळीच्या पुढे. बाज्जो खेळणारच होता, म्हणून पिर्लोला मागची जागा मिळाली. हे आपण विसरतो.

१ एप्रिल २००१, तोरिनो, युव्हेंटसविरुद्ध. ब्रेशा एका गोलने मागे, चारच मिनिटं उरलेली. पिर्लो खूप मागून मान वर करतो आणि एक लांब, उंच चेंडू सोडतो. बाज्जो पाठमोरा पळतोय, चेंडू त्याच्या खांद्यावरून येतो. पहिल्याच स्पर्शात तो गोलकीपर व्हान डेर सारला चकवतो आणि रिकाम्या जाळ्यात ढकलतो. सामना १-१. हा गोल तुमच्या मुलाला दाखवाच. पण बाज्जोकडे नको, पहिल्यांदा चेंडू सुटतो तिथे बघायला सांगा. पिर्लोच्या अंगावर कुणीच नाही. पुढे खेळला असता तर पाठीला एक डिफेंडर चिकटलेला असता आणि वळायला जेमतेम क्षणभराची फट मिळाली असती. तो वेगाने पळणारा गडी कधीच नव्हता. मागे आल्यावर सगळं मैदान त्याच्या समोर आलं. त्याचे पाय तेच राहिले, फक्त बघायला वेळ मिळाला.

त्याच उन्हाळ्यात तो एसी मिलानला (मिलान शहरातलाच दुसरा मोठा क्लब, पुढे मिलान म्हणजे हाच) गेला, आणि तिथे कोच आन्चेलोत्तींनी ही जागा त्याच्यासाठी पक्की केली. शेजारी गात्तुसो धावून चेंडू काढायचा, पिर्लो तो पोचवायचा. २००३ आणि २००७ ला चॅम्पियन्स लीग. २००६ ला वर्ल्ड कप. जर्मनीविरुद्धची सेमीफायनल, ११९ वं मिनिट: कॉर्नरनंतर चेंडू पेनल्टी बॉक्सच्या कडेवर त्याच्याकडे येतो. कुणीही सरळ गोलवर मारला असता. तो आडवा सरकत जातो, जर्मन खेळाडू त्याच्याकडे ओढले जातात, आणि तिकडे न बघता सहकारी ग्रोस्सोला पास. गोल. दहा नंबरचाच पास आहे हो हा! मागे गेल्याने त्याच्यातला दहा नंबर मेला नाही.

मधली एक रात्रही सांगायला हवी. २००५, इस्तंबूल, लिव्हरपूलविरुद्ध चॅम्पियन्स लीगची फायनल. मध्यंतराला मिलान ३-० ने पुढे आणि शेवटी पेनल्टीवर हरले. पिर्लोची पेनल्टी गोलकीपर दुदेकने अडवली. त्यानंतर खेळ सोडून द्यावासा वाटला होता, असं त्यानेच पुढे सांगितलंय. तुमचा मुलगा रडतो म्हणून लिहिलंत, म्हणून हे आठवलं. रडू द्या त्याला.

आता आमची चूक. हे लिहिताना अजूनही हात जड होतो.

मोठ्या क्लबाने आम्हाला दहा नंबर कबूल केला, तोंडी. मुलगा चौदाचा झाला होता. तेव्हाच्या नियमात चौदा पूर्ण झालेल्या हौशी खेळाडूने एक विशिष्ट नोंदणी केली की तो पंचविशीपर्यंत त्या क्लबाला बांधला जायचा. व्हिंकोलो म्हणायचे त्याला. फॉर्म एकच पान होता. मी इटालियनमध्ये ऑफिसची ईमेल लिहू शकत होतो, पण तो कागद मी वाचला नाही. सेग्रेतेरियातल्या (क्लबाच्या कचेरीतल्या) बाईंनी बोट ठेवलं तिथे सही केली. मुलाने केली, बायकोने केली. घरी येताना आम्ही जिलातो खाल्लं.

पहिल्या वर्षी त्याच्या जागेवर दोन मुलं त्याच्या आधी होती. दुसऱ्या वर्षी तीन. कुठल्या तरी जुन्या खेळाडूकडून कळलं की हंगामात चारपेक्षा कमी अधिकृत सामने खेळवले, तर न खेळवल्याच्या कारणावरून सुटका मागता येते. मे महिन्यापर्यंत त्याचे तीन झाले होते. मग एका रविवारी, सामना आधीच हातातून गेलेला, शेवटची पाच मिनिटं राहिली असताना त्याला आत सोडलं. आम्ही दोघं उभं राहून टाळ्या वाजवल्या. बायकोने फोनवर फोटो काढून कोल्हापूरला पाठवला. तो चौथा सामना होता. घरी येऊन मी बोटं मोजली आणि खुर्चीत बसलो तो उठलोच नाही.

मुद्दाम केलं का, मी छातीठोक सांगू शकत नाही. पण त्यानंतर कचेरीने जे केलं ते मुद्दामच होतं. जुलैत क्लबाच्या संमतीने सोडायच्या खेळाडूंची यादी जाते, म्हणून मी पहिल्याच आठवड्यात गेलो. अध्यक्ष सुट्टीवर. पुन्हा गेलो, शिक्का त्यांच्याकडे आहे. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तो कागद टेबलावर निळ्या फोल्डरमध्ये होता, मुलाचं नाव मला उलटं दिसत होतं, वरून पंख्याच्या वाऱ्याने कोपरा उडत होता. बाई म्हणाल्या, सोमवारी या. सोमवारी मुदत संपलेली होती. डिसेंबरच्या यादीच्या वेळीही असंच. मुलगा सतरा वर्षांचा होईपर्यंत एकाही संघात धड खेळला नाही. कुणी आवाज चढवला नाही, कुणी "नाही" म्हटलं नाही. फक्त "पुढच्या आठवड्यात". मला आजही त्या बाईंपेक्षा माझाच राग जास्त येतो, कारण एक रजिस्टर पत्र, राकोमान्दाता, पाठवलं असतं तर निदान तारीख तरी माझ्या हातात असती.

ते बंधन आता राहिलेलं नाही. क्रीडा कायद्यातल्या सुधारणेनंतर २०२३ पासून ते काढून टाकायला सुरुवात झाली. म्हणून तुम्हाला घाबरवत नाही. पण फोन करणारा क्लब कुठला फॉर्म पुढे करतो, त्यावर किती हंगाम लिहिलेत, ते इटालियन येणाऱ्या माणसाकडून ओळ न् ओळ वाचून घ्या. सही केलेल्या कागदाचा फोटो तिथेच काढा. जे काही मागाल ते लेखी मागा. तोंडी दहा नंबरला काडीची किंमत नाही.

जागेबद्दल माझं मत, पटलं तर घ्या. मागे नेणं प्रत्येक वेळी बरोबरच असतं असं नाही. पिर्लोचंच बघा, मिलानमध्ये शेवटी कोच आल्लेग्रींनी बचावफळीपुढे जास्त अंगाची माणसं ठेवली आणि त्याला कडेला सरकवलं. २०११ मध्ये मिलानने तिशी ओलांडलेल्या खेळाडूंसाठी असतो तसा एका वर्षाचा करार पुढे केला, तो फुकटात युव्हेंटसला गेला. तिथे पुन्हा आपल्या जागेवर, आणि ओळीने चार लीग विजेतेपदं, त्यातलं पहिलं एकही सामना न हरता. म्हणजे क्लब सोडणंही कधी बरोबर असतं. पण तो सोडून गेला ते खेळायला मिळावं म्हणून, पाठीवरच्या आकड्यासाठी नाही. युव्हेंटसमध्ये तो एकवीस नंबर घालायचा.

तर मिस्टरला एकच प्रश्न विचारा: याला मागे घेतलंत ते याच्यात काही दिसलं म्हणून, की तिथे कुणी नाही म्हणून? यजमानांना बरोबर न्या, पण बोला तुम्ही. आणि शनिवारी सामन्यात चेंडू सोडून फक्त मुलाची मान बघा. चेंडू यायच्या आधी तो खांद्यावरून मागे किती वेळा बघतो ते मोजा. माझ्या मुलाचं मी कधीच मोजलं नाही, त्या जुन्या मिस्टरने मोजलं होतं. बघत असेल तर त्याला तिथून हलवू नका. बघत नसेल तर भिंतीवर पास मारताना तुम्ही मागे उभ्या राहून बोटं दाखवा आणि किती ते त्याला ओरडून सांगायला लावा. आणि कृपा करून कडेवरून मराठीत सूचना देऊ नका, मी द्यायचो. पोरगं त्या दोन सेकंदांत आपल्याकडे बघतं आणि चेंडू जातो.

माझा मुलगा आता ब्रेशात नोकरी करतो आणि बुधवारी संध्याकाळी मित्रांबरोबर खेळतो. मागेच खेळतो, स्वतःहून.

त्या क्लबाने फॉर्म पाठवला असेल तर नाव-पत्ता झाकून हंगामाचा रकाना आणि खालच्या बारीक अक्षरातल्या ओळी इथे टाका. रविवारपर्यंत सही करू नका, मी शनिवारी रात्री बसून वाचतो.