हेमॅटाइटची फिल्म अजून जाड करू का?

अगं आधी स्प्रे थांबव. तू लिहिलंयस की उजेडानं पाणी फोडून हायड्रोजन काढायला एफटीओ काचेवर (वीज वाहणारा पारदर्शक थर असलेली काच) स्प्रे पायरोलिसिसनं, म्हणजे तापलेल्या काचेवर द्रावण फवारून, हेमॅटाइटची म्हणजे आयर्न ऑक्साइडची छान विटकरी फिल्म आलीय पण उजेडात करंट जेमतेम मिळतोय, म्हणून अजून थर चढवायचा विचार आहे. अजिबात नको. सांगलीत एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी नेमकं हेच केलेलं, 40 मिनिटं स्प्रे मारून काच कौलासारखी लाल केली आणि करंट नुसता मायक्रोअँपिअरमध्ये, मग एकदा कॉम्प्रेसर मध्येच बंद पडला आणि 8 मिनिटांतच उतरवलेली फिकट पिवळसर, आरपार दिसणारी काच सहज लावून बघितली तर तिचा करंट कितीतरी पट जास्त!

त्याचं असं आहे, 1972 ला फुजिशिमा आणि होंडांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर वॉटर स्प्लिटिंग, म्हणजे हेच उजेडानं पाणी फोडणं, दाखवलं, पण त्याला अल्ट्राव्हायोलेट लागतं आणि उन्हात ते 4-5 टक्केच. हेमॅटाइटचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन सुटायला प्रकाशात लागणारी किमान ऊर्जा) साधारण 2.1 इलेक्ट्रॉन व्होल्ट, त्यामुळं डोळ्यांना दिसणारा बराच प्रकाश ते खातं, स्वस्त आहे, कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात टिकतं. घोडं अडतं ते होलपाशी, म्हणजे प्रकाशानं इलेक्ट्रॉन सुटल्यावर मागं उरणाऱ्या धन जागेपाशी; पाण्यातून ऑक्सिजन काढायचं काम तिचंच. प्रकाश शंभरेक नॅनोमीटर आत शिरतो आणि होल मात्र 2 ते 4 नॅनोमीटर चालला की इलेक्ट्रॉनला भेटून संपतो, म्हणजे पाण्याला चिकटून असलेला थर तेवढा कामाचा, बाकी सगळा लाल रंग फुकट.

खात्री करायचीय तर एकदा फिल्मच्या बाजूनं प्रकाश टाक, एकदा काचेच्या बाजूनं. काचेकडून करंट एकदम पडला तर फिल्म जाड आहे हे नक्की, कारण तिकडं तयार झालेले होल पाण्यापर्यंत पोचतच नाहीत. मग 5, 8, 12 मिनिटांच्या तीन काचा कर आणि द्रावणात थोडं टिन किंवा टायटॅनियम घाल, नुसत्या हेमॅटाइटमधून इलेक्ट्रॉनसुद्धा नीट वाहत नाहीत.

आणि हायड्रोजन लाल काचेवर शोधू नकोस, तिथं ऑक्सिजन येतो, हायड्रोजन समोरच्या प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर, तोही बाहेरून व्होल्टेज दिलं तरच कारण हेमॅटाइटचा कंडक्शन बँड (सुटलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जापातळी) त्यासाठी पुरेसा वर नाही.

अजून एक, मगरक्लिपचं तांबं इलेक्ट्रोलाइटला लागलं की खोटा करंट येतो, माझे दोन आठवडे त्यात गेले. कडा अराल्डाइटनं बंद कर, रात्रभर वाळू दे, आणि मोजताना पुठ्ठ्यानं 5-5 सेकंद उजेड अडव, पुठ्ठा आडवा आल्यावर करंट जेवढा घटतो तेवढाच प्रकाशाचा.