रानातली सर्पगंधा मुळासकट न संपवता कशी काढायची?

प्रश्न असा आहे: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात कुळागराला (सुपारी-नारळाच्या बागेला) लागून असलेल्या रानात सर्पगंधा दिसते, वैद्य मुळी मागतात, पण झाडं संपू नयेत. तर किती आणि कशी काढावी?

आधी ती जागा कोणाची ते बघा. म्हादई अभयारण्य (1999, सुमारे 208 चौ. कि.मी.) सत्तरीतच आहे. त्याच्या हद्दीतून वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे पानही उचलता येत नाही. हद्दीबाहेरच्या सरकारी रानासाठी वनखात्याला विचारा. खाली लिहिलं आहे ते फक्त स्वतःच्या मालकीच्या जमिनीसाठी.

झाड ओळखण्यात चूक फार होते. सर्पगंधेची पानं एका पेरावर बहुधा तीन असतात, फुलं पांढरी-गुलाबीसर, देठ लाल आणि फळ पिकलं की चकचकीत जांभळं-काळं. रस्त्याकडेला, पडीक जागेत दिसणारं चार पानांच्या चक्राचं झुडूप म्हणजे तिची अमेरिकेतून आलेली बहीण. बाजारात तिचीच मुळी सर्पगंधा म्हणून खपवतात. वासावर जाऊ नका, नावात गंध असला तरी मुळीला वास नसतो. चव मात्र जहरी कडू.

आता अडचण काय, ते बघा. व्यापार मुळीचा आहे, त्यामुळे मुळी खणली की झाड गेलं. त्यात मुळी काढायचा काळ हिवाळा, डिसेंबर-जानेवारी. पानं गळून रस मुळीत उतरलेला असतो आणि औषधी द्रव्यं भरपूर असतात. झाड किमान दोन-तीन वर्षांचं हवं. कोवळी मुळी काढलीत तर माल हलका आणि झाडही फुकट.

कुळागरात मात्र हाताशी पाटाचं पाणी असतं. मुळी काढताना खोडाचा बुंधा आणि त्याखालची 5 सें.मी. मुळी राखून बाकीची धारदार कोयत्याने एका घावात कापा. तोच ठोंब वरची फांदी वीतभर ठेवून लगेच सावलीत, भुसभुशीत मातीत लावा आणि पाणी देत रहा. बहुतेक ठोंब जगतात. कोरड्या रानात हेच केलंत तर मार्चपर्यंत ठोंब वाळून खडखडीत होतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: रानातून मुळी आणूच नका, बी आणा.

बी म्हणजे पूर्ण पिकलेली काळी फळं. एका झाडावरची अर्धी घ्या, उरलेली पक्ष्यांना आणि रानाला ठेवा. गर चोळून धुवा, बिया रात्रभर पाण्यात भिजवा. तरंगतात त्या पोकळ, टाकून द्या. ताजं बी लगेच पेरा, जुनं झालं की उगवण्याची ताकद झपाट्याने जाते. ताजंसुद्धा निम्म्याहून कमीच उगवतं, तेही महिनाभर मागेपुढे. वाफा सोडून देऊ नका. रोपं जुलैच्या पावसात 45 सें.मी. अंतरावर लावा. पाणी साचलं तर मूळ कुजतं.

मुळी सरळ खाली जाते, कधी दीड फुटापर्यंत. आदल्या दिवशी पाणी सोडा, बाजूने चर खणा, मग पहारीने माती सैल करा. ओढलंत तर तुटते. धुताना चोळू नका. द्रव्यांचा मोठा भाग सालीत असतो, साल सोलली की मालच गेला. वीतभर तुकडे करून सुकवा. मोडताना कट् आवाज आला म्हणजे ओल 8-10 टक्क्यांवर आली. गोव्याच्या हवेत जूननंतर बुरशी धरते, त्याआधी हवाबंद करा.

घरी काढा करून पिऊ नका. हिच्यातलं रेझर्पिन (1952 मध्ये वेगळं काढलेलं) रक्तदाब उतरवतं, मेंदूतली सेरोटोनिनसारखी द्रव्यं रिकामी करतं, माणूस मलूल आणि खिन्न होतो. नैराश्यावरची गोळी घेणाऱ्याने हिला हातही लावू नये. मुळी वैद्याकडे गेली तर मात्रा तो ठरवेल.

आणि परदेशी ग्राहकाच्या भानगडीत पडू नका. सायटीसच्या (रानटी प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात नाव असल्याने कागदपत्रांशिवाय मुळी बंदरावरच अडकते.