पायी बेट फिरताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागच्या अंकात ग्रीसच्या क्रीट बेटावरील पायवाटांची माहिती दिली होती. त्यावर कोकणातून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

मुलांच्या परीक्षा संपल्या की मे महिन्यात क्रीटची समारिया घळ चालायचा बेत आहे. आम्हाला कोकणातल्या मेची सवय आहे, तिथलं ऊन बाधेल का? (राजापूर)

महिना अचूक निवडलात, पण सवयीच्या भरवशावर राहू नका. आपल्याकडे घामाने सदरा भिजतो, म्हणून पाणी प्यायची आठवण होते. तिकडच्या कोरड्या वाऱ्यात घाम अंगावर येताच उडून जातो. कातडी कोरडी राहते, तहानही उशिरा लागते आणि डोकं दुखायला लागेपर्यंत काही कळत नाही. २०२४ च्या जूनमध्ये उष्णतेच्या लाटेत ग्रीक बेटांवर चालायला निघालेले काही पर्यटक दगावले. त्यामुळे जुलै-ऑगस्ट नकोच.

तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो. म्हणून घळ साधारण मेच्या आरंभी उघडते आणि ऑक्टोबरअखेर बंद होते. ओढ्याला पाणी जास्त असेल तर उघडायला उशीरही होतो, तेव्हा १५ मेनंतरची तारीख धरा. अतिउष्णतेच्या किंवा पावसाच्या दिवशी प्रवेश बंद ठेवतात. एक दिवस हाताशी राखूनच बेत आखा.

पाण्याचा हिशेब माणशी तासाला अर्धा लिटर, कडक उन्हात पाऊण ते एक लिटर. समारियात वाटेवर झऱ्यांचं पिण्याचं पाणी मिळतं, त्यामुळे दीड लिटरची बाटली भरत भरत चालता येतं. बेटावरच्या इतर वाटांवर हे गृहीत धरू नका. चुनखडीचा डोंगर पाणी पोटात घेतो आणि नकाशावरचा निळा ओढा उन्हाळ्यात कोरडा निघतो. तिथे माणशी किमान तीन लिटर पाणी पाठीवर हवं. सोबत ओआरएसची दोन पाकिटं ठेवा. नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

घळ उतरणीची आहे म्हणजे सोपीच ना? कोणते बूट घ्यावेत? (चिपळूण)

उतरण आहे म्हणूनच ती अवघड. ओमालोस पठारावर सुमारे १,२३० मीटर उंचीवरून वाट सुरू होते आणि १६ किलोमीटरवर समुद्रकाठच्या आगिया रूमेली गावात संपते. त्यातली जवळपास अर्धी उंची पहिल्या तीन-चार किलोमीटरांतच उतरते. चढताना दम लागतो, पण उतरताना मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत ब्रेकचं काम करतात. ते आतून दुखावतात आणि खरं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाहेर येतं. त्यावर उपाय एकच, आधी उतरण्याचा सराव. रायगडाच्या पायऱ्या पाठीवर पाच किलो वजन घेऊन, महिनाभर आधी, आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा उतरा. चढायला रोपवेने गेलात तरी चालेल. सराव उतरण्याचाच हवा.

फ्लोटर आणि सँडल घरी ठेवा. जांभा खरखरीत असतो, पाय धरून ठेवतो. चुनखडीचं तसं नाही: जिथे वर्दळ नाही तिथे तिची धार सोल कापते, आणि जिथे हजारो पावलं पडली तिथे ती फरशीसारखी गुळगुळीत झालेली असते. बूट अंगठ्यापुढे बोटभर जागा राहील एवढे मोठे घ्या, नाहीतर उतारावर बोटं पुढे आदळून नखं काळी पडतात. नखं दोन दिवस आधी कापा. उतरण सुरू होण्याआधी घोट्याजवळची नाडी आवळून बांधा.

वेळ पाच ते सात तास धरा. घळीच्या खालच्या टोकाकडे वाट तीन-चार मीटरच रुंद उरते आणि दोन्हीकडे सुमारे ३०० मीटरचे कडे उभे राहतात. फोटोसाठी सगळे तिथेच थांबतात. दगड कोसळण्याच्या पाट्या दिसतील तिथे मात्र थांबू नका. प्रवेशाचं तिकीट फेकू नका, बाहेर पडताना ते मागतात. आत कोणी राहिलं का याचा हिशेब त्यावरून लागतो.

आगिया रूमेलीला रस्ता नाही. बाहेर पडायचं ते बोटीने, आणि शेवटची बोट बहुधा संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सुटते. म्हणून दिवसाची आखणी बोटीच्या वेळेपासून उलटी करा: हानिया शहरातून पहाटेची बस, दार उघडताच आत. दक्षिणेचा वारा सुटला की समुद्र खवळतो आणि बोटी रद्द होतात. गावात राहायला खोल्या मिळतात, पण दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान असेल तर पंचाईत. ते तिकीट एक दिवस पुढचं काढा.

किनाऱ्याने चालताना भरती-ओहोटीचं वेळापत्रक कुठे मिळेल? (मालवण)

लागणार नाही. रत्नागिरीला उधाणाच्या भरतीत पाणी दोन मीटरहून जास्त वर-खाली होतं, क्रीटला एखाद-दोन वीत. ओहोटीला खाडीचं तोंड ओलांडायचा आपला हिशेब तिथे उपयोगी नाही. तिथे पाहायचा तो वारा आणि लाटा. आगिया रूमेली ते लुत्रो गाव ही किनाऱ्याची वाट पाच-सहा तासांची आहे आणि सावली जवळजवळ नाही. खांबांवर ‘ई४’ या युरोपातल्या लांब पल्ल्याच्या पायवाटेची पिवळी-काळी चिन्हं आहेत, पण काही ठिकाणी मोडलेली किंवा गायब. मोबाइलमध्ये ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या. अडचण आली तर ११२, आपल्याकडचाच क्रमांक.

आई-वडील साठीचे आहेत. त्यांना झेपेल असं बेट? (गुहागर)

स्पेनचं मिनोर्का. बेटाभोवती १८५ किलोमीटरची जुनी घोडेवाट आहे, तिचे २० टप्पे केले आहेत. सोयीचे दोन-तीन निवडायचे. बेटाचा सर्वांत उंच डोंगरच ३५८ मीटरचा. शेताशेतांतून आपल्यासारखेच, मातीचुन्याशिवाय रचलेले गडगे आहेत. त्यांच्यावर चढू नका, दगड ढासळतात. लाकडी फाटकातून जा आणि ते जसं होतं तसं लावा. किनाऱ्यावरून परत आणणाऱ्या काही बसगाड्या फक्त हंगामात धावतात, हे आधी तपासा.

शाकाहारी माणसाचं क्रीटला काय होईल? (देवरुख)

उपाशी राहणार नाही. जवाच्या टोस्टवर टोमॅटो आणि चीज घातलेला दाकोस आणि उकडलेल्या रानभाज्या, म्हणजे होर्ता, बहुतेक खाणावळींत मिळतात. टोस्ट वाटेत न्यायलाही बरे, मोडतात पण खराब होत नाहीत. उपासाचे म्हणून सांगितलेले पदार्थ मात्र विचारूनच घ्या. त्यांच्या उपासाला मटण, अंडी, दूध चालत नाही, पण कोळंबी आणि माकूल चालतं.

व्हिसा कोणत्या देशाचा काढायचा? (सावंतवाडी)

शेंगेन व्हिसा, म्हणजे ग्रीस-स्पेन धरून युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा, आणि ज्या देशात जास्त रात्री मुक्काम त्याचा. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान १५ दिवस आधी तरी केलाच पाहिजे. मेचं जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच मुंबईच्या व्हिसा केंद्राची तारीख घ्या. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. तो घेताना डोंगरवाटेवरून सुटका करून आणण्याचा खर्च त्यात येतो का, हे लेखी विचारा. स्वस्त पॉलिसीत ते बऱ्याचदा वगळलेलं असतं.